स्वतःच्या अंगावर बोट ठेवून हाडं कशी शिकायची

पहिल्या वर्षाला असताना मी हाडांची नावं पाठ करण्यात तीन महिने घालवले. वही भरली, रात्री जागलो, आणि तोंडी परीक्षेत सरांनी टेबलावरचं एक लांब बारीक हाड हातात देऊन विचारलं, "उजव्या पायाचं की डाव्या?" तर तोंडातून शब्द फुटेना. नाव येत होतं, फिब्युला. पण ते माझ्याच पायात कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हे मी कधी बोट लावून बघितलं नव्हतं. नंतर आमच्या एका मॅडमनी सांगितलं, पुस्तक मिट, पँट गुडघ्यापर्यंत वर कर आणि बाहेरचा घोटा धर. पाच मिनिटांत जे डोक्यात बसलं ते आजपर्यंत हललेलं नाही. आता मी फिजिओथेरपीत आहे, नवीन मुलं शिकायला येतात त्यांना मी हेच करायला लावतो, आणि तीच पद्धत इथे जमेल तशी सविस्तर लिहितोय. बीएएमएस, नर्सिंग, फिजिओच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना उपयोग होईल, योगा शिकवणाऱ्यांना होईल, आणि ज्यांना नुसतंच आपल्या अंगात काय आहे ते बघायचंय त्यांनाही होईल.

लागणार काय तर हाफ पँट, सैलसर बनियन, आरसा, धुतल्यावर निघेल असं आयब्रो पेन्सिल किंवा स्केचपेन, आणि पाठीसाठी घरातलं कोणीतरी. नखं कापून घ्या. बोटाच्या टोकानं टोचायचं नाही, बोटाच्या पोटानं हळू दाबत सरकायचं. हाड दगडासारखं लागतं आणि बाजूला हलत नाही, शिर (म्हणजे स्नायूची दोरी, टेंडन) दोरीसारखी बोटाखालून निसटते, आणि जिथे ठोका लागतो ती रक्तवाहिनी, तिथून बोट काढा. एवढा फरक बोटाला कळायला लागला की निम्मं काम झालं.

आधी २०६ चा हिशोब

२०६ हा आकडा सगळ्यांना माहिती असतो पण मांडून दाखव म्हटलं की गडबड होते. तो असा मांडा. मधला खांब आणि त्याला लटकलेले हातपाय. मधल्या खांबात ८०: कवटी आणि चेहरा मिळून २२, दोन्ही कानांच्या आतली इवलीशी ६, गळ्यातलं १, पाठीचा कणा २६, बरगड्या २४ आणि छातीच्या मधली पट्टी १. हातपायांकडे १२६: एका हातात ३०, एका पायात ३०, म्हणजे चारही मिळून १२०, शिवाय हात धडाला जोडणारे दोन कॉलर बोन आणि दोन खांद्याचे फरे, आणि पाय जोडणारी कमरेची दोन हाडं. झाले २०६. एक गंमत बघा, एका हाताच्या मनगटापासून पुढे २७ हाडं आणि एका पाऊलात २६, चारही मिळून १०६, म्हणजे अंगातली निम्म्याहून जास्त हाडं फक्त पंजे आणि पावलांत आहेत. जिथे बारीक काम तिथे बारीक तुकडे, एक अखंड फळी असती तर सुईत दोरा ओवता आला नसता.

बाळ जन्मतं तेव्हा ही संख्या जास्त असते, २७० च्या पुढे मोजतात, कारण बरीच हाडं तुकड्या तुकड्यांत असतात आणि वाढताना एकमेकांत मिसळतात. म्हणून कोणी वेगळा आकडा सांगितला तर लगेच चूक म्हणू नका, तो काय धरून मोजतोय ते बघा. बीएएमएसच्या मुलांना हे चांगलं माहिती असतं, कारण सुश्रुतसंहितेत ३०० हाडं दिलीत, त्यात दात आणि कुर्च्या (म्हणजे कार्टिलेज) पण मोजल्यात. पण सुश्रुतानं एका पायाला ३० हाडं सांगितलीत, आणि आजच्या ॲनाटॉमीतही पायात ३० च. तपशील जुळत नाही, तो प्रत्येक बोटात तीन धरून १५ म्हणतो आणि आपण अंगठ्यात दोनच धरून १४ म्हणतो, तरीपण वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवलेलं शरीर गवताच्या कुंचल्यानं घासत घासत बघून ज्यानं हे लिहिलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. हाड हातात घेऊन शिकायचं, हे त्या काळापासून चालत आलंय.

डोक्यापासून सुरुवात

दोन्ही हात डोक्याच्या मागे न्या, जिथे डोकं संपून मान सुरू होते तिथे मधोमध एक उंचवटा लागेल, कोणाला मोठा कोणाला अगदी बारीक. मानेचे स्नायू आणि एक जाड पट्टा तिथे धरलेला असतो. हेच तत्त्व पुढे सगळीकडे लागू होतं, हाडावर जिथे जिथे टेंगूळ आहे तिथे कोणीतरी ओढतंय. पटतंय का बघा: कानाच्या पाळीमागचं टणक टोक धरा, ते मास्टॉइड, आणि मान विरुद्ध बाजूला वळवा. तिथून कॉलर बोनपर्यंत एक जाड दोर ताठ होतो, तो या टोकाला बांधलेला आहे.

आता कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. आधी एक गोळी फिरते आणि मग पुढे सरकते. खालचा जबडा नुसता बिजागरीसारखा उघडत नाही, पुढे घसरतो पण, म्हणून तर मोठी जांभई देताना कोणाकोणाचा जबडा अडकतो. कवटीत बाहेरून दिसणारं हलणारं हाड हे एकच, बाकीची शिवणीनं एकमेकांत घट्ट.

ती शिवण लहान बाळात अजून भरलेली नसते, तीच टाळू. आपल्याकडे आजी तेल घालून टाळू भरते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत बुजते, मागची दोन-तीन महिन्यांतच. ती उघडी असते ते चांगल्यासाठीच, जन्माच्या वेळी हाडं एकमेकांवर किंचित चढतात म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं, आणि नंतर मेंदू वाढायला जागा मिळते. बाळाच्या टाळूवर हात हलकाच फिरवायचा, दाबून बघायचं नाही. जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू आत गेलेली दिसली तर पाणी कमी पडलंय, लगेच डॉक्टरकडे.

गळ्यातलं ते एकटं हाड, हायॉइड, अगदी हलक्या हातानं शोधा. हनुवटीखालून मागे येत जिथे गळा खाली वळतो तिथे अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत धरा आणि थुंकी गिळा, वर उचललं जाईल. हे दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं, जिभेचं मूळ याच्यावर बसतं. दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या आहेत त्यामुळे जास्त वेळ धरू नका.

छाती आणि खांदा

कॉलर बोनवरून बोट फिरवा, सरळ नाही, एस आकाराचं वळण आहे. गंमत म्हणजे अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो फक्त याच्या आतल्या टोकाला, गळ्याच्या खळग्याशेजारी, बाकी सगळं स्नायूंवर. म्हणून हात टेकून पडलं की सगळा जोर इथे येतो आणि ते साधारण मधला आणि बाहेरचा भाग जिथे मिळतात तिथे मोडतं. पोटात असताना सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात होते ती याची, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण होतं तेही हेच, आतलं टोक विशी ओलांडल्यावर जुळतं.

गळ्याच्या खळग्यातून बोट छातीच्या पट्टीवर खाली आणा. साधारण पाच सेंटीमीटरवर एक आडवी कड लागेल. ही कड नीट लक्षात ठेवा, पेन्सिलनं रेघच मारा, कारण तिच्या बाजूला सरकलं की दुसरी बरगडी. पहिली कॉलर बोनखाली लपलेली असते, ती मोजायला जाल तर पुढचं सगळं चुकेल. इथून दोन, तीन, चार असं खाली मोजत जा. ईसीजीची बटणं लावताना, स्टेथोस्कोप ठेवताना सगळे इथूनच मोजतात. बारा जोड्यांतल्या वरच्या सात थेट पट्टीला मिळतात, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कुर्चेला, शेवटच्या दोन कुठेच नाहीत. आणि या पट्टीचा खालचा अर्धा भाग कुठे येतो ते प्रत्येकानं शोधून ठेवावं, मेडिकलचा असो नसो. कोणी कोसळलं, श्वास नाही, तर तळहात तिथे ठेवून पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात.

खांद्याच्या फऱ्यासाठी दुसरं माणूस लागतं. त्यांच्या पाठीवर फऱ्याचं खालचं टोक धरा आणि हात डोक्यावर न्यायला सांगा. टोक बाहेर फिरताना बोटाला कळेल. हात पूर्ण वर जातो तो १८० अंश, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून आणि ६० या फऱ्याच्या फिरण्यातून. ज्यांचा खांदा आखडलाय त्यांच्यात सांधा हलत नाही आणि फराच आधी वर उचलला जातो, खांदा कानाकडे जातो. ही एक गोष्ट बोटाला कळली ना की पेशंट बघताना फार उपयोग होतो.

हात, इथे वेळ द्या

कोपर वाकवा. मागचं टोक आणि दोन्ही बाजूंचे दोन उंचवटे, तिन्हींवर स्केचपेननं ठिपके द्या. काटकोनात वाकवलेल्या कोपरात ठिपक्यांचा त्रिकोण दिसतो, हात सरळ केला की तिन्ही एका रेषेत. इतकं साधं आहे, पण कोपर सुजून आलेल्या पोराला बघताना जुने डॉक्टर आधी हेच चाचपतात: त्रिकोण बिघडला असेल तर सांधा निखळलाय असं वाटतं, त्रिकोण शाबूत आणि तरी वाकडं दिसतंय तर वरचं हाड मोडलंय असा संशय. एक्स-रे करायचाच, पण बोटानं आधी सांगितलेलं असतं.

आतल्या उंचवट्याच्या मागे जो खळगा आहे तिथून एक नस (म्हणजे मज्जातंतू, नर्व्ह) जाते, अल्नर. दाराच्या चौकटीला कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट जातो तो हाडाचा नाही, या नसेचा.

आता कोपराच्या मागच्या टोकापासून बोट तसंच मनगटाकडे खाली आणा, करंगळीच्या बाजूनं. पूर्ण लांबीभर हाड कातडीखालीच आहे, मनगटाच्या गोल उंचवट्यापर्यंत. ही अल्ना. तिला धरून ठेवा आणि तळहात आभाळाकडे-जमिनीकडे असा फिरवा, पळीनं ताटात आमटी वाढताना फिरतो तसा. अल्ना जवळजवळ जागेवरच राहते, अंगठ्याकडचं दुसरं हाड, रेडियस, तिच्यावरून पलटी मारतं. एका हाताला दोन हाडं का, याचं उत्तर या एका हालचालीत आहे. किल्ली फिरवणं, पिळे काढणं, घास तोंडाशी वळवणं, सगळं याच्यावर.

मनगटाच्या दोन्ही बाजूंची टोकं एकाच वेळी चिमटीत धरा. अंगठ्याकडचं टोक जरा खाली, बोटांच्या बाजूला, साधारण सेंटीमीटरभर. माझी आत्या अंगणात घसरून हातावर पडली तेव्हा मनगट सुजून काट्याच्या चमच्यासारखं वर आलं होतं आणि दोन्ही टोकं एका पातळीत आली होती. गावातल्या एका हाडवैद्यानं मुरगळलंय म्हणून कामट्या आवळून बांधल्या. दुसऱ्या दिवशी बोटं निळी-थंड, मुंग्या येत होत्या. आम्ही पट्टी कापून तिला शहरात आणलं म्हणून हात वाचला, पण तो आजही थोडा वाकडा आहे. म्हणून कळवळून सांगतो, बांधलेल्या हातापायाची बोटं फिकी किंवा निळी पडली, थंड झाली, सुन्न झाली किंवा बोट सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं तर बांधणारा कोणी का असेना, पट्टी ताबडतोब सैल करा आणि दवाखाना गाठा. हे सकाळपर्यंत थांबायचं काम नाही.

मनगटातली आठ हाडं हा सगळ्यांचा रडण्याचा विषय. मी मुलांना हे वाक्य देतो: सखूनं लाडू ट्रकात पाठवले, ट्रॅक्टरनं ट्रंका कोल्हापूरला हलवल्या. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म ही कोपराकडची ओळ, अंगठ्याकडून करंगळीकडे. मग परत अंगठ्याकडून ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड उलटसुलट होतात, तेव्हा यम अंगठ्याखाली बसतो एवढं लक्षात ठेवा. पण नुसतं वाक्य नको, बोट लावा. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो, पूर्वी लोक तपकीर ओढायला चिमूटभर तिथे ठेवायचे, त्यावरूनच इंग्रजीत त्याचं नाव पडलंय. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड. पडल्यावर नेमकं तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल आला तरी गप्प बसू नका, कारण याची चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, आणि या हाडाला रक्त येतं ते बोटांकडच्या टोकाकडून उलटं, त्यामुळे मधे मोडलं तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. करंगळीच्या बाजूला तळहाताच्या मुळाशी वाटाण्याएवढा दाणा लागेल, मनगट सैल सोडलं की तो बोटाखाली हलतो, तो पिसिफॉर्म.

मूठ वळल्यावर जे चार उंचवटे दिसतात ती बोटांच्या हाडांची सुरुवात नाही, ती तळहातातल्या हाडांची डोकी आहेत. बोटाचं पहिलं पेर तिथून पुढे.

पाठ आणि कंबर

मणके सात, बारा, पाच: सात वार, बारा महिने, पाच पांडव. मग पाच मणके जुळून झालेलं त्रिकोणी हाड आणि टोकाला माकडहाड. मान खाली घालायला सांगा, मानेच्या पायथ्याशी जो सगळ्यात वर येतो तो बहुतेक वेळा सातवा, कोणाकोणाचा त्याच्या खालचा जास्त उठून दिसतो. हात बाजूला सोडून उभं राहिलं की फऱ्यांची खालची टोकं छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीला येतात. कमरेवर हात ठेवून उभं राहतो तेव्हा हात ज्या कडेवर टेकतात त्या दोन्ही कडा जोडणारी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देणारे भूलतज्ज्ञ हीच रेघ धरतात, कारण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याच्या खाली सुई गेली तर त्याला धक्का लागत नाही.

मणक्यांच्या मधल्या गाद्या २३. "गादी सरकली" म्हणतात तेव्हा गादी ड्रॉवरसारखी बाहेर येत नाही, तिच्या कडेचं कव्हर फाटून आतला मऊ गर नसेवर दाब आणतो. दिवसभर उभं राहून या गाद्या दबतात आणि रात्री पाणी शोषून परत फुगतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून बघा, घरातल्या पोरांना फार आवडतं.

कमरेच्या हाडाचं जे टोक बसल्यावर टेकतं ते शोधायला जमिनीवर बसा आणि तळहात कुल्ल्याखाली घाला. टोचणारं टोक लगेच लागेल. मग मुद्दाम पोक काढा, टोक पुढे घसरून वजन माकडहाडाकडे जातं. ताठ बसा म्हणजे नेमकं काय, ते पाठीला सांगण्यापेक्षा या टोकांवर बसा असं सांगितलं तर माणसाला लवकर जमतं, हा माझा रोजचा अनुभव.

खुबा: कमरेच्या कडेपासून साधारण तळहाताच्या रुंदीएवढं खाली मांडीच्या बाहेरून हात ठेवा आणि टाच जागेवर ठेवून पाऊल आत-बाहेर फिरवा. हाताखाली एक मोठा गोळा फिरेल. हे मांडीच्या हाडाचं बाहेरचं टोक, खरा सांधा आत जांघेच्या खोलीत आहे, आणि दोघांना जोडणारी मान तिरकी. म्हातारपणी बाथरूममध्ये घसरून "खुबा मोडला" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ही मान मोडलेली असते. पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उठवून चालवून बघायचं नाही, तसंच आडवं ठेवून न्यायचं.

हाडाच्या आत काय आहे ते स्वयंपाकघरात बघा

कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, रोज व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी काढून वाकवा, रबरासारखं वाकतं. ॲसिडनं कॅल्शियमचे क्षार विरघळले, उरलं ते कोलॅजन, प्रोटीनची दोरी. उलट दुसरं हाड चुलीत जाळलं तर कोलॅजन जळून जातं, आकार तसाच राहतो पण बोटानं दाबलं की भुगा. क्षार साधारण दोन तृतीयांश आणि बाकीचं मुख्यतः कोलॅजन, स्लॅबमध्ये सिमेंट आणि सळई असते तसं. नुसतं कॅल्शियम कॅल्शियम करणाऱ्यांना मी हेच दाखवतो, प्रोटीन नसेल तर सळई कुठून आणणार. तंगडीचं टोक आडवं कापून बघितलं तर आत स्पंजासारखी जाळी दिसेल, त्या जाळीत लाल मगज, म्हणजे बोन मॅरो. मोठ्या माणसात हा लाल मगज मुख्यतः छातीची पट्टी, बरगड्या, मणके, कमरेची हाडं यांत उरतो आणि रक्ताच्या लाल-पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तिथेच तयार होतात. बोन मॅरो तपासायला कमरेच्या मागच्या कडेतूनच काढतात ते यासाठी.

आणि ही भिंत एकदा बांधली की संपलं असं नाही. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या नवीन भरतात, मोठ्या माणसाचा साधारण दहावा हिस्सा सांगाडा दरवर्षी नवा होतो. जिथे भार पडतो तिथे भर जास्त टाकली जाते. अंतराळवीरांना तिकडे वजनच नसतं, तर त्यांच्या कमरेच्या आणि पायाच्या हाडांतून महिन्याला एक-दीड टक्का हाड कमी होतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेलं असतं आणि रक्तात कमी पडलं की हृदय आणि स्नायू चालू ठेवायला हाडातून उचललं जातं, खाण्यातून भरणा नसेल तर नुसतीच उचल चालू राहते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, तर भाकरी, दूध-दही, तीळ, पालेभाजी असं मिळून जमवायचं, आणि ते आतड्यात शोषलं जायला ड जीवनसत्त्व. पाळी गेलेल्या बायकांनी हा हिशोब टाळू नये, इस्ट्रोजेन कमी झालं की खाणाऱ्या पेशींचा जोर वाढतो.

नडगी, घोटा, पाऊल

पाय लांब करून मांडी सैल सोडा, गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून इकडेतिकडे हलते. मांडी आवळली की घट्ट. ही वाटी शिरेच्या आत तयार झालेलं हाड आहे, कप्पीसारखी मांडीच्या स्नायूला जोर देते. वाटीखाली दोन-तीन बोटांवर एक टेंगूळ, तिथून खाली सरळ नडगी. नडगीची आतली बाजू घोट्यापर्यंत नुसत्या कातडीखाली आहे, मांस नाहीच. म्हणून पलंगाच्या कडेवर आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हाडावरच्या पातळ आवरणाला भरपूर नसा आहेत. आणि याच कारणानं बाईकच्या अपघातात हे हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि जुळायलाही वेळ घेतं.

गुडघ्याच्या बाहेरून, जरा खाली, एक गोल बटण लागेल. हे फिब्युलाचं वरचं टोक, माझ्या त्या परीक्षेतलं. त्याच्या खालून नस वळसा घालून जाते, पंगतीत खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो त्याचं एक कारण तिच्यावरचा दाब. प्लास्टर इथे रुतलं तर पाऊल वर उचलता येत नाही. फिब्युला अंगाचं वजन फारसं पेलत नाही, पण खालचं टोक म्हणजे बाहेरचा घोटा, आणि तो नसेल तर पाऊल बाहेर लचकेल. मधला भाग मात्र काढता येतो, आणि तंबाखूच्या कॅन्सरनं जबडा काढावा लागलेल्या पेशंटला हाच तुकडा रक्तवाहिनीसकट काढून नवीन जबडा बनवतात. पायातलं हाड तोंडात जाऊन जगतं, मला हे कितीदाही सांगितलं तरी अंगावर काटा येतो.

पाऊल ओलं करून कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा आणि ठसा बघा. मधे आतल्या बाजूनं फरशी कोरडी राहिली तर कमान चांगली, अख्खा तळवा उमटला तर सपाट, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही, दुखत असेल तर दाखवा. पाऊलाच्या बाहेरच्या कडेवर साधारण मधोमध एक टोक लागतं, घोटा आत मुरगळतो तेव्हा नुसता घोटा बघून भागत नाही, या टोकावरही दाबून बघायचं, ते तुटलेलं असतं पुष्कळदा.

सरावाचं म्हणाल तर पहिले तीन दिवस फक्त हात, मग पाय, पाठ आणि डोकं शेवटी. रोज पंधरा मिनिटं. घरच्यांना विचारून त्यांच्याही अंगावर बघा, आजोबांचं मनगट आणि पुतणीचं मनगट एकसारखं लागत नाही आणि ते बोटाला कळायला हवं. मग डोळे मिटून कोणालातरी नाव उच्चारायला सांगा आणि बोट ठेवा. जिथे बोट चाचरतं ते हाड अजून आलेलं नाही.

कॉलेजच्या बोन सेटमधलं सुटं हाड हातात आलं की त्याला स्वतःच्या अंगाशेजारी धरा, जसं आत आहे तसं. मांडीच्या हाडाचा गोळा वर आणि आत, मागची खरबरीत कड मागे. कॉलर बोनचं चपटं टोक खांद्याकडे, आतला बाक पुढे, खालच्या बाजूला लांबट खाच. आणि फिब्युला मिळाली तर आधी घोट्याचं टोक खाली करा, चपटी गुळगुळीत त्रिकोणी बाजू बाहेर, म्हणजे कातडीखाली येणारी, आणि आतल्या बाजूचा खड्डा मागे. तिन्ही एकाच वेळी ज्या पायाशेजारी बसतील, हाड त्या पायाचं.